पाव: उच्चार एक, शब्द किती?

अक्षरयात्री

‘पाव किलो पाव द्या.’ चार शब्दांच्या या वाक्यात ‘पाव’ दोनदा येतो आणि त्या दोघांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. तरी दोन व्युत्पत्त्या सतत फिरत असतात. पहिली: पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव. दुसरी: चार पाव चिकटवून भाजतात, त्यातला एक म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाव. दोन्ही चुकीच्या आहेत. त्या का चुकतात हे नीट मांडावं, म्हणून हा धागा.

मराठीत ‘पाव’ या एका उच्चाराखाली निदान तीन वेगळी घराणी नांदतात.

१. पाव म्हणजे चौथा भाग. मूळ संस्कृत ‘पाद’. दोन स्वरांमधला ‘द’ प्राकृतात गळतो आणि त्या जागी य किंवा व येतो. कदलीचं केळ झालं, बदराचं बोर झालं, तसंच पादाचं एकीकडे ‘पाय’ आणि दुसरीकडे ‘पाव’ झालं.

२. पावणे हे क्रियापद. देव पावला, नवसाला पावणारा, मृत्यू पावला. मूळ प्र + आप्, म्हणजे ‘प्राप्नोति’. प्राकृतात ‘पावइ’. इथे ‘प’चा ‘व’ झाला आहे, जसा दीपचा दिवा आणि कपाटाचं कवाड. हिंदीतलं ‘पाना’ याचंच भावंड. ‘पावती’ही इथलीच: वस्तू पावली याचा कागद. म्हणून तर ‘पोचपावती’.

३. खायचा पाव. हा पोर्तुगीज शब्द. लॅटिन ‘पानिस’पासून पोर्तुगीजमध्ये ‘पाँउ’ झाला, शेवटचा उच्चार नाकातून. पोर्तुगीजांनी चौल इथे १५२१मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि १५३४मध्ये वसई त्यांच्या हातात आली. गोवा तर १५१०पासूनच होता. मराठी किनाऱ्याला हा शब्द त्यांच्याकडूनच मिळाला.

तिन्ही ओळखायची सोपी खूण म्हणजे शब्द चालवून बघणे. खायचा पाव पुल्लिंगी नाम आहे आणि त्याचं सामान्यरूप होतं: पावाला, पावात, पावाचा चुरा. चौथाईचा पाव विशेषणासारखा येतो आणि नामाआधी जसाच्या तसा राहतो: पाव भाग, पाव टक्का, पाव किलोला. क्रियापद तर काळाप्रमाणे चालतंच: पावतो, पावला, पावेल.

---

नवखा_वाचक

पायाने मळण्याचं काय पण? मोठ्या घाण्यांसाठी पीठ पायाने मळत असत असं पुष्कळ जण सांगतात. आणि हिंदीत पायाला ‘पाँव’ म्हणतातच की.

---

अक्षरयात्री

पीठ कसंही मळलेलं असो, शब्द तिथून येऊ शकत नाही. शब्द ज्या किनाऱ्यावर रुळला तिथे त्या अवयवाला मराठीत ‘पाय’ आणि कोकणीत ‘पांय’ म्हणतात. ‘पाँव’ हे हिंदीचं रूप. पदार्थ वसई-गोव्यात रुजला आणि नाव मात्र गंगेकाठच्या बोलीतून घेतलं, असं मानावं लागेल. पोर्तुगीजमध्ये पाय म्हणजे ‘पे’, तोही इथे बसत नाही.

दुसरी गोष्ट. हाच शब्द श्रीलंकेपासून जपानपर्यंत पसरला आहे. तिथे ना हिंदी पाँव आहे ना मराठी पावशेर. व्युत्पत्ती तपासताना शेजारच्या भाषा आधी बघाव्यात. एका भाषेपुरतं जुळणारं स्पष्टीकरण शेजारणीकडे गेलं की बहुतेक वेळा कोसळतं.

---

दर्यावर्दी

या प्रकरणातली खरी गंमत त्या नाकातल्या उच्चारात आहे. पोर्तुगीज ‘पाँउ’मध्ये दोन गोष्टी एकाच वेळी घडतात: ‘आ’कडून ‘उ’कडे घसरणारा जोडस्वर, आणि संपूर्ण स्वरावर अनुनासिक. अनुनासिक काढला तर ‘पाउ’ उरतो आणि पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ लाकूड किंवा काठी. ब्राझील देशाचं नाव ज्या लाल लाकडावरून पडलं ते ‘पाउ-ब्राझील’. भाकरी आणि लाकूड यांच्यात फरक फक्त नाकाचा! आपला आजचा मराठी ‘पाव’ लिस्बनच्या कानाला लाकडाच्या जवळचा वाटेल.

ज्या ज्या भाषेने हा शब्द घेतला तिला हा जोडआवाज आपल्या चौकटीत बसवायचा होता. काहींनी ‘व/उ’ ठेवला आणि नाक सोडलं: मराठी पाव, बंगाली आणि असमिया पाउरुटी, नेपाळी पाउरोटी, हिंदी पावरोटी. काहींनी नाक ठेवलं आणि त्याचा सरळ ‘न’ केला: सिंहलीत ‘पान्’, श्रीलंकेच्या तमिळमध्ये ‘पाण्’, जपानीत ‘पान्’. ओडिआने दोन्ही सांभाळलं. तिथे ‘पाउँरुटि’ लिहितात, चंद्रबिंदूसकट.

पावरोटी, पाउरुटीमध्ये परका शब्द आणि त्याचा अर्थ सांगणारा देशी शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. ‘पाव नावाची रोटी’ एवढंच त्याचं म्हणणं. ‘पाव रोटी म्हणजे चौथाई रोटी’ असा अर्थ लावणारे इथेच फसतात.

गोव्याचे सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादु यांनी १९१३मध्ये सुमारे पन्नास आशियाई भाषांमधले पोर्तुगीज शब्द एकत्र मांडून दाखवले. एकच शब्द पन्नास भाषांत कसा वळला हे ओळीने बघितलं की असे नियम आपोआप दिसू लागतात.

---

साकुरा

जपानीबद्दल भर घालते. पोर्तुगीज १५४३मध्ये तानेगाशिमा बेटावर पोचले आणि पुढच्या काही दशकांत ‘पान्’ जपानीत आला. आणखी एक शब्द अगदी त्याच साच्यातून गेला. बटणाला पोर्तुगीजमध्ये ‘बुताँउ’ म्हणतात. जपानीत त्याचं ‘बोतान्’ झालं आणि कोकणीत ‘बुतांव’. म्हणजे ‘आँउ’चा जपानीत ‘आन्’ आणि कोकणीत ‘आंव’. एका शब्दावरून योगायोग म्हणता येईल. दोन शब्द एकाच मापाने वळले की तो नियम मानायला हरकत नाही.

जपानमधून हा शब्द पुढे गेला. कोरियन ‘प्पांग’ जपानीमार्गेच आला, तैवानी होक्कियनमधला ‘फांग’ही. मुंबई-पुण्यात आता ‘पांको’ नावाचा कोरडा चुरा मिळतो, तो म्हणजे ‘पान्’ अधिक ‘को’ (पीठ, भुकटी). यातला ‘पान्’ वडापावातल्या पावाचा सख्खा भाऊ आहे.

आंबवण्याबद्दल एक साम्य सांगावंसं वाटतं. तोक्योच्या किमुराया बेकरीने १८७४मध्ये ‘आनपान्’ बनवला, म्हणजे लाल चवळीसारख्या अझुकी दाण्यांचं गोड पुरण भरलेला पाव. त्यासाठी त्यांनी साके बनवताना वापरतात ते तांदळाचं आंबवण घेतलं. गोव्यात माडाची सूर (ताजी माडी) घालून पाव फुगवत. दोन्हीकडे परका पदार्थ आला आणि तो फुगवायला गावातलंच मद्य कामी आलं.

---

भट्टीवाला

सुरेबद्दल: ती ताजी, सकाळी उतरवलेली हवी. माडाच्या रसात हवेतलं यीस्ट लगेच काम सुरू करतं, पण तेवढ्याच लगबगीने आम्ल तयार करणारे जिवाणूही वाढतात. उशीर झाला की पीठ फुगायच्या ऐवजी आंबूस, सैल होतं आणि पावाला व्हिनेगरचा वास येतो. म्हणून सूर उतरवणारा आणि पोदेर दोघांचं वेळापत्रक बांधलेलं असे. पोदेर हा शब्दही पोर्तुगीज ‘पादेइरु’वरून, म्हणजे पाव करणारा.

आता ‘चार चिकटलेले, म्हणून चौथा भाग’ या समजुतीचं. लादीत चारच पाव असतात असं नाही. ट्रेच्या मापाप्रमाणे सहा, आठ, बारा, काहीही. चिकटवण्याचं कारण वेगळं आहे. घरी करणाऱ्यांसाठी मापंच देतो:

मैदा १ किलो, पाणी ६०० मिली, मीठ १८ ते २० ग्रॅम, साखर ३५ ग्रॅम, तेल ३० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ८ ग्रॅम. सगळं मिळून पीठ साधारण १ किलो ७०० ग्रॅम होतं. ताणून पातळ पडदा धरेपर्यंत मळायचं, दुप्पट होऊ द्यायचं, मग ४५ ग्रॅमचे गोळे करायचे. ३६ किंवा ३७ होतात. ट्रेमध्ये दोन गोळ्यांत बोटभर, म्हणजे सुमारे १ सेंमी, जागा सोडायची. पाऊण तास ते तासाभरात ते फुगून एकमेकांना टेकतात. मग २०० ते २१० अंशांवर १५ ते १८ मिनिटं.

टेकलेल्या बाजूंना भट्टीची कोरडी हवा लागत नाही, तिथे कवच धरत नाही, म्हणून लादी पाव उलगडल्यावर बाजू मऊ आणि धागेदार निघते. जागा जास्त सोडली तर चहूबाजूंनी साल येतं आणि सुटे बन होतात. अगदी कमी सोडली तर ते वर ढकलले जातात आणि मधल्या रांगा आतून ओल्या राहतात. पाणी कडकडीत घातलं तर यीस्ट मरतं. हाताला कोमट लागेल एवढंच हवं.

भाजताना दहा टक्क्यांच्या आसपास वजन उडतं. ४५ ग्रॅमचा गोळा ४० ग्रॅमचा पाव होतो. म्हणजे धाग्याच्या पहिल्या वाक्यातले ‘पाव किलो पाव’ मोजायचे झाले तर सहा भरतील.

---

पाटीपेन्सिल

आता चौथाईच्या पावाकडे वळू. हे घराणं मराठी आकड्यांत इतकं पसरलं आहे की ते दिसेनासं झालंय.

सव्वा म्हणजे सपाद, पावासकट. पाऊण म्हणजे पादोन, पावाने उणा. पावणेदोन म्हणजे पावाने उणे दोन, १.७५. ही फोड मुलांना सांगितली की पावणेदोन आणि सव्वादोन यांतला गोंधळ मिटतो. ‘पावणे’ म्हटलं की पुढचा आकडा अजून गाठलेला नाही. पावणेदोनशे १७५, सव्वादोनशे २२५.

सवाई म्हणजे सव्वापट, इतरांपेक्षा पावाने अधिक. सवाई माधवराव, जयपूरचे सवाई जयसिंह, सवाई गंधर्व, सगळ्यांच्या नावात हाच पाद लपला आहे.

पावकीचा पाढा: एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. पुढे निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औट म्हणजे साडेतीन, ‘अर्धचतुर्थ’ म्हणजे चौथा अर्धा. अडीचही तसाच, ‘अर्धतृतीय’, तिसरा अर्धा.

वजनं: प्रमाणित शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम. (गावोगावचे शेर वेगळे असत, जुने दस्तऐवज वाचताना हे विसरू नये.) पावशेर २० तोळे, सुमारे २३३ ग्रॅम. पावशेराचा अर्धा नवटाक: शेराचे ७२ टांक, त्यातले नऊ. नवटाकाचा अर्धा छटाक, पाच तोळे, सुमारे ५८ ग्रॅम. जुन्या पाककृतीत ‘पावशेर साखर’ असेल आणि आपण पाव किलो घेतली, तर १७ ग्रॅम जास्त पडते. चिवड्याला चालेल. पाकाच्या वड्यांत मात्र पाणी आणि साखर दोन्ही एकाच मापात आणावं, नाहीतर तार चुकते.

नाणी: १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी येईपर्यंत रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे किंवा १२ पै. चार आणे म्हणजे रुपयाचा पाव, म्हणून ‘पावली’. पुढे २५ पैशांनाही तेच नाव चिकटलं, आणि ३० जून २०११ला ते नाणं चलनातून गेलं. ‘पै’मध्येही पादच आहे. नाव चौथाईचं, पण ब्रिटिश चलनात ती पैशाचा तिसरा हिस्सा होती. नाव राहिलं, किंमत सरकली. आणि ‘पावलोपावली’तलं पाऊल? तेही पादच, पण पायाच्या शाखेकडचं.

---

नवखा_वाचक

पण पाय आणि चौथा भाग यांचा संबंध तरी काय?

---

पाटीपेन्सिल

जनावराला पाय चार, म्हणून एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. हा अर्थ फार जुना आहे. ऋग्वेदाच्या पुरुषसूक्तात विश्व हा पुरुषाचा एक पाद आणि उरलेले तीन पाद अमृत, असा हिशोब सांगितला आहे. अनुष्टुभ छंदाचे चार पाद, प्रत्येकी आठ अक्षरं. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठ अध्याय आणि प्रत्येकाचे चार पाद, एकूण ३२. नक्षत्रं २७, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून १०८.

गायत्री छंदाला मात्र तीनच पाद. तिथे ‘पाद’चा अर्थ चौथाई उरला नाही, नुसती ‘ओळ’ झाला.

---

तुंगभद्रा

पाय आणि चौथाईचा हा संबंध संस्कृतपुरता नाही. तमिळमध्ये ‘काल्’ म्हणजे पाय आणि ‘काल्’ म्हणजेच पाव. ‘मुक्काल्’ पाऊण, ‘अरैक्काल्’ अष्टमांश. कन्नडमध्ये ‘कालु’ हा पायही आणि पावही, ‘मुक्कालु’ पाऊण. तेलुगूने पायासाठी ‘कालु’ ठेवला आणि चौथाईसाठी मात्र ‘पावु’ घेतला.

कन्नडमध्ये ‘पावु’ मापाचं नाव म्हणून आहे: शेराचा चौथा भाग, ‘एक पावु तांदूळ’. त्याच्याबरोबर ‘अच्चेरु’ (आपला अच्छेर, अर्धा शेर) आणि ‘चटाकु’ हेही आले.

जुन्या कन्नडमध्येही एक ‘पावु’ होता, पण त्याचा अर्थ साप. तमिळ ‘पाम्बु’, तेलुगू ‘पामु’ त्याचे भाऊ. पुढे कन्नडमध्ये शब्दारंभीचा प बदलून ह झाला: पालु (दूध) झाला हालु, पुलि (वाघ) झाला हुलि, आणि पावु झाला ‘हावु’. आजच्या कन्नडमध्ये साप म्हणजे हावु. संस्कृत ‘पादुका’ कन्नडमध्ये फार आधी गेली होती, म्हणून तीही या फेऱ्यात सापडून ‘हावुगे’ झाली. मापाचा पावु मात्र ‘प’ टिकवून आहे. म्हणजे तो हा बदल होऊन गेल्यावर आला. दोन्ही शब्द पादाच्याच घरचे, पण उंबरा ओलांडला वेगवेगळ्या काळात. तारीख लिहिलेली नसली तरी ध्वनी अशी तारीख सांगून जातात.

मल्याळममध्ये ‘पाव’ म्हणजे बाहुली. पालक्काड भागातल्या देवळांत होणारा चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ तो ‘तोल्पावक्कूत्तु’. आणि कुणी हळहळून ‘पावम्!’ म्हणालं तर ते ‘बिचारा’. तो संस्कृत ‘पाप’वरून. तमिळ लिपीत प आणि भ यांना एकच अक्षर असल्याने ‘पाप’ आणि ‘भाव’ दोन्ही ‘पावम्’ असेच लिहिले जातात. नृत्यावरचा तमिळ लेख वाचताना याची अडचण होते.

---

खोडरबर

शंका. मराठीने पोर्तुगीज शब्दाचं नाक का सोडलं? आपल्याकडे अनुनासिक नव्हते असं तर नाही.

---

दर्यावर्दी

होते, पण ओसरत होते. ग्रामचं ‘गांव’, नामचं ‘नांव’ असं पूर्वी अनुस्वार देऊन लिहीत. प्रमाण उच्चारातून तो नाकातला स्वर गेला, तरी लेखनात राहिला, आणि १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. हिंदीत अजून ‘गाँव’ आहे. कोकणीतही हे अनुनासिक जिवंत आहेत, म्हणून तिथे ‘बुतांव’ टिकला आणि ‘लिसांव’ (धडा) टिकला.

म्हणजे पावाच्या वाट्याला जे आलं ते गाव आणि नाव यांच्याही वाट्याला आलं. त्यातून नवीन जुळे जन्मले. ‘नाव’ (नाम) आणि ‘नाव’ (होडी) आज मराठीत सारखेच ऐकू येतात, फक्त चालवताना वेगळे होतात: नावाला आणि नावेला.

---

साकुरा

सारखे दिसणारे पण नात्यात नसलेले काही शब्द इथे नोंदवून ठेवते, कारण त्यांची नावं पावाशी जोडली जातात. चिनी ‘बाओ’: मूळ अर्थ गुंडाळणे, पुडकं. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीचा. व्हिएतनामी ‘बान्ह’: फ्रेंच ‘पॅं’वरून आला असं सांगतात, पण फ्रेंच यायच्या आधीपासून तो तांदळाच्या पदार्थांसाठी वापरात आहे. स्पॅनिश ‘पावो’: टर्की कोंबडा, लॅटिनमध्ये हा शब्द मोराचा होता. आणि आपलं पनीर फारसी आहे, लॅटिन पानिसशी त्याचा संबंध नाही.

---

अक्षरयात्री

उलट जे नात्यात आहेत ते आपल्याला परके वाटतात. ‘कंपनी’ घ्या. लॅटिन ‘कोम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे पाव. एकत्र पाव खाणारा तो ‘कोंपानियो’, सोबती. त्याचा फ्रेंचमार्गे इंग्रजीत कंपनी झाला. रेल्वेची ‘पँट्री’ म्हणजे मुळात पाव ठेवायची खोली, तीही पानिसवरूनच.

खोडरबर, तुमच्या शंकेमुळे वर एक दुरुस्ती करायला हवी. चौथाईचा पाव ‘जसाच्या तसा राहतो’ असं मी लिहिलं, ते नामाआधी येतो तेव्हाच खरं. हिशोबात तो एकटा आला की नामासारखा चालतो: ‘पावाने कमी’, ‘तीन पावांचा पाऊण’. त्यामुळे नुसतं ‘पावाने’ हे रूप सुटं दिलं तर ते कोणत्या घराण्यातलं हे व्याकरण सांगणार नाही, पुढचा शब्द सांगेल. ‘पावाने उणे’ आणि ‘पावाने पोट भरलं’ यांत तेवढाच फरक आहे.

---

पाटीपेन्सिल

आणि गावाकडचे ‘पाव्हणे’ राहिले. ते ‘पाहुणे’, प्राकृत ‘पाहुण’वरून. बोलण्यात ‘पावणे आले’ आणि ‘पावणेआठ’ सारखेच ऐकू येतात. लिहिताना पाहुण्यांचा ‘हु’ सोडू नये आणि वेळ लिहिताना ‘पावणेआठ’ जोडून लिहावं.